शहराला जीव लावायचा नाही, हे कोणी ठरवलं?

‘पुण्यामुंबईले जाय, कमव, पण तिथं जीव नोको लावू.’ अमरावती-अकोल्याकडच्या घरांत बारावीनंतर किंवा इंजिनिअरिंगनंतर कोणी बॅग भरू लागलं की हे वाक्य ठरलेलं असतं. आई म्हणते, काका म्हणतात, शेजारचे निवृत्त मास्तर म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण या सल्ल्याने आमच्याकडच्या दोन पिढ्यांचं नुकसान केलं आहे, असं माझं ठाम मत आहे. तो मायेने दिला जातो म्हणून त्याला उत्तरच द्यायचं नाही, हे मला मान्य नाही.

आधी त्यांचं म्हणणं नीट मांडते. मोठं शहर कमवायला असतं, राहायला नसतं. तिथं दाराला दार लागून असतं, पण शेजारचं नाव ठाऊक नसतं. आजारी पडलात तर ‘पाणी देऊ का’ म्हणणारं कोणी नाही. अर्धा पगार भाड्यात जातो. आपली बोली ऐकून लोक हसतात. आणि या सगळ्यांच्या खाली एक मुद्दा दबलेला असतो, जो कधीकधीच उघड बोलला जातो: विदर्भाचा कापूस, विदर्भाची वीज, विदर्भाच्या वाट्याचा निधी घेऊन ती शहरं फुगली, त्यांच्यावर प्रेम कशापायी करायचं? दिवाळीच्या सुमारास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून हेच जरा हळव्या भाषेत छापून येतं. एका बाजूला गावचं अंगण आणि तुळस, दुसऱ्या बाजूला दहा बाय दहाची खोली.

या सल्ल्याप्रमाणे वागणारी माणसं कशी राहतात, ते मी पुण्यात वर्षानुवर्षं पाहते आहे. वाघोली, खराडी, हिंजवडी. एका खोलीत चौघं, चौघंही आपल्याकडचीच: एक दर्यापूरचा, एक अकोटचा, दोन वरुडचे. सकाळी कंपनीची बस, रात्री मेसचा डबा, रविवारी कपडे आणि झोप. गुरुवार आला की संगमवाडीवरून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सचं तिकीट किती झालं ते पाहायचं. असं एक वर्ष जातं, मग पाच, मग दहा. लग्न होतं, फ्लॅट घेतला जातो, हप्ते सुरू होतात, मुलं शाळेत जातात, आणि तरीही तोंडात असतं की आपण ‘सध्या’ इथं आहोत. घरी वडिलांच्या बैठकीत जोतीराव फुल्यांची तसबीर आहे, आणि पुण्यात दहा वर्षं काढलेल्या मुलाने गंज पेठेतला फुले वाडा पाहिलेला नाही. असा एक नाही, अनेक मला भेटलेत. त्यांना दोष देऊन मी थांबणार नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की हेही आपलं आहे. उलटच सांगितलं होतं.

हा सल्ला देणाऱ्यांना मला पहिला प्रश्न विचारायचा आहे: तुम्ही स्वतः अमरावतीचे किंवा अकोल्याचे कधीपासून? माझे वडील दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून अकोल्याला शिकायला आले आणि तिथेच राहिले. आमच्या गल्लीतलं जवळपास प्रत्येक घर असंच आलेलं होतं, कोणी तेल्हाऱ्याहून, कोणी बाळापूरहून, कोणी धारणीकडून. 2011 च्या जनगणनेत अमरावती साडेसहा लाखांच्या घरात होती आणि अकोला सव्वाचार लाखांच्या. ही माणसं जमिनीतून उगवली नाहीत. ती आली, आधी भाड्याने राहिली, मग राजकमल चौक, जयस्तंभ, जठारपेठ, रतनलाल प्लॉट ही नावं त्यांच्या तोंडी बसली, आणि वीस वर्षांत तीच म्हणू लागली की आम्ही शहरचे. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं अमरावतीच्या रामपुरी कॅम्पात उतरली. मारवाडी, गुजराती, कच्छी व्यापारी त्याच्याही आधी आले. जिनिंग काढल्या, अकोल्यात डाळमिला उभ्या केल्या, आणि आज त्यांची नातवंडं ‘काहून बे’ अशी अस्सल वऱ्हाडी बोलतात. त्यांनी इथं जीव लावला याचं आपल्याला कौतुक आहे. मग आपल्या मुलाने कोथरूडला किंवा मुलुंडला तसाच जीव लावला तर ती बेइमानी कशी ठरते?

शहराचं पाणी आणि हवा वाईट, ही आणखी एक तक्रार. तिच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात जन्म काढलेली माणसं मुंबईच्या पाण्याला नावं ठेवतात, तेव्हा मला त्यांच्या विहिरीचं मचूळ पाणी आणि मूत्रपिंडाच्या दुखण्याने खंगलेली गावातली माणसं आठवतात. अकोल्यात नळाला रोज पाणी येत नाही, मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि तरी आपण अकोल्यावर प्रेम करतोच ना. गैरसोय हे प्रेम न करण्याचं कारण कधीच नसतं.

आता तो दबलेला मुद्दा. मुंबई आपल्या कापसावर मोठी झाली, हे अगदी खरं आहे. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून, घाट उतरून मुंबईच्या बंदरात जात असे. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, त्यामागे कर्जाचं कारण होतं आणि कापसाचा लोभही होता. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले. लिव्हरपूलच्या बाजारात अमरावतीच्या नावाने कापसाची एक जातच ओळखली जात होती. त्या चार वर्षांत मुंबईत जो पैसा आला, त्याने शहराचं रूप पालटलं. जुन्या किल्ल्याच्या भिंती त्याच सुमारास पडल्या, नवे रस्ते आखले गेले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या आणि 1865 मध्ये त्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्याही. कापसाच्या सट्ट्यात कमावलेल्या आणि गमावलेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या दोन लाखांच्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर 1878 साली पुरा झाला. मुंबईहून निघालेला रूळ भुसावळ, अकोला, बडनेरा करत 1867 मध्ये नागपूरला पोचला. 1870 मध्ये खामगावच्या फाट्याचं उद्‌घाटन करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, पुढच्याच वर्षी बडनेऱ्याहून अमरावतीला गाडी सुरू झाली. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे पुढे आली, तीही कापसासाठीच. आणि विसाव्या शतकात शिवडीजवळ कापसाची गोदामं आणि बाजार वसला, त्या स्टेशनाला आजही कॉटन ग्रीनच म्हणतात. हार्बर लाइनच्या गाडीतून रोज हजारो माणसं ते नाव ऐकतात.

एवढं सगळं सांगून माझे विरोधक थांबतात आणि म्हणतात, बघा, लुटलं. मी त्याच पुराव्यावरून पुढचं वाक्य बोलते: म्हणून ते शहर आपलं आहे. ज्या टॉवरच्या काळात आणि ज्या बाजारात आपल्या आजा-पणजाच्या शेतातल्या बोंडांचा पैसा फिरला, त्याच्यासमोर वऱ्हाडचा मुलगा पाहुण्यासारखा का उभा राहतो? लुटलं असं वाटत असेल तर हक्काने राहा. ज्याला वाटतं की आपलं काही तिथं गेलं आहे, तो दाराशी घुटमळत नाही.

कायद्यानेही तेच आहे. 8 ऑगस्ट 1947 ला आपल्या अकोल्यातच वऱ्हाडच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पुढाऱ्यांनी करार केला, त्यात एका मराठी प्रांतात एकत्र राहण्याची बोलणी झाली. 1953 मध्ये नागपूर करार झाला. 1 नोव्हेंबर 1956 पासून विदर्भ मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला. म्हणजे सहा दशकांहून अधिक काळ मुंबई ही अमरावती-अकोल्याची राजधानी आहे. नागपूर करारातली आश्वासनं पुरी झाली नाहीत. 1984 मध्ये दांडेकर समितीने अनुशेषाचे आकडेच समोर ठेवले, आणि त्यानंतरही सिंचनाचं रडगाणं संपलेलं नाही. तो राग न्याय्य आहे, तो मलाही आहे. कोणाला वेगळा विदर्भ हवा असेल तर त्याने तो जरूर मागावा. पण त्या रागाचा हिशेब मंत्रालयात आणि विधानसभेत मागायचा असतो. परळच्या चाळीतल्या शेजारणीकडे, दादरच्या फुलवाल्याकडे, स्वारगेटच्या कंडक्टरकडे तो मागायचा नसतो. अनुशेष ठेवणारे वेगळे आणि शहरात घाम गाळणारे वेगळे, एवढा फरक आपल्याला करता आला पाहिजे.

बोलीच्या लाजेबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण ही लाज आपल्या मुलामुलींना आतून खाते. ‘मले’, ‘तुले’, ‘कुठी’, ‘करून रायलो’ असं बोललं की समोरचा हसतो, म्हणून मुलं आधी गप्प होतात, मग स्वतःच्याच लोकांत कोंडून घेतात. हसणारे असतात, नाही कसं म्हणू. पण अमरावती जिल्ह्यातला एक माणूस आठवा. शेंडगावचा, 1876 चा जन्म, अंगावर चिंध्या, हातात खराटा. गाडगेबाबांनी आपली वऱ्हाडी बोली कधी बदलली नाही, ना पंढरपुरात, ना नाशकात, ना मुंबईत. त्याच बोलीत ते हजारोंना प्रश्न विचारायचे आणि हजारोंचा घोळका एका आवाजात उत्तर द्यायचा. मुंबईत त्यांच्या कीर्तनाला गिरणी कामगार यायचे, पोलीस यायचे, शिकलेली माणसं यायची. त्यांचं शेवटचं कीर्तन 1956 च्या नोव्हेंबरात वांद्र्याला पोलिसांसमोर झालं, त्याचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. ज्यांना वाटतं की वऱ्हाडी बोलीला महानगरात जागा नाही, त्यांनी ते ऐकावं. पुढच्या महिन्यात वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला.

आणि त्यांनी शहराला काय दिलं तेही पाहा. शहर वाईट आहे, तिकडे जाऊ नका, असं सांगण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. शहरात आलेल्या गरीब माणसाला टेकायला जागा हवी, म्हणून धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या नावाची जी धर्मशाळा आहे तिथं परळच्या टाटा रुग्णालयात आलेले कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. आपल्याकडचीही कितीतरी कुटुंबं तिथं महिनेच्या महिने राहून गेली आहेत. ‘शहरात पाणी विचारणारं कोणी नाही’ या तक्रारीला एका वऱ्हाडी माणसाने दिलेलं हे उत्तर आहे. कोणी नाही ना, मग आपण व्हायचं.

आता मी बाई म्हणून बोलते, कारण हा सल्ला देणारे बहुतेक वेळा मुलीच्या बाजूने विचार करतच नाहीत. अकोल्यात मी कॉलेजात असताना टिळक रोडवर एका वर्गमित्राशी उभी राहून पाच मिनिटं बोलले. मी सायकलने घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. त्याला गावचा जिव्हाळा म्हणतात. मला तो जिव्हाळा तेव्हा नको होता. ‘तिथं कोणाला कोणाचं काही पडलेलं नसतं’ हे वाक्य ज्या तक्रारीच्या सुरात म्हटलं जातं, त्याच वाक्यात माझ्यासारख्या हजारो मुलींची सुटका आहे. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर रात्री दहाला एकटी बाई बसते, समुद्र पाहते, शेंगदाणे खाते आणि उठून स्टेशनकडे जाते, आणि कोणी तिच्या बापाला कळवत नाही. चर्चगेटवरून बोरिवलीला जाणारी फक्त बायकांची गाडी 1992 च्या मे महिन्यात सुरू झाली. त्या गाडीत भाजी निवडणाऱ्या, अभ्यास करणाऱ्या, उभ्यानेच डुलकी काढणाऱ्या, वाढदिवसाचा केक कापणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नावं माहीत नसतानाही त्यांच्यात जे नातं असतं, त्याला एकटेपण म्हणायला माझी जीभ वळत नाही. हो, शहरात धोका आहे. 2013 ची शक्ती मिलची घटना मी विसरलेली नाही. पण धोका अमरावतीतही आहे, खेड्यातही आहे, आणि तिथं तो बहुतेक वेळा घरातल्याच किंवा ओळखीच्या माणसाकडून असतो आणि बाहेर बोलता येत नाही.

जातीबद्दलही असंच. गावच्या अंगणाचं वर्णन करणाऱ्या लेखांत ते अंगण कोणाचं, हे सहसा लिहिलेलं नसतं. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत खेड्याच्या गोडव्याबद्दल काय मत दिलं, ते सगळ्यांनी वाचावं. त्यांना खेड्यात संकुचितपणा आणि जातीयता दिसली आणि घटनेने गाव सोडून व्यक्ती हा घटक धरला याचं त्यांनी समाधान मानलं. जातीचा हा अनुभव त्यांना दुरून आला नव्हता. 1927 मध्ये अमरावतीतच अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी जी परिषद भरली, तिचे ते अध्यक्ष होते. ग्रामगीता लिहिणाऱ्या तुकडोजी महाराजांबद्दल मला पराकोटीचा आदर आहे. पण त्यांनी गाव जसं आहे तसं डोक्यावर घ्यायला सांगितलं नव्हतं, ते बदलायला सांगितलं होतं. त्यांचा आधार घेऊन शहराला शिव्या देणाऱ्यांनी हे विसरू नये. पुण्यात आडनाव विचारून खोली नाकारणारे घरमालक आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि त्यांची मला चीड आहे. तरीही तिथं पुढच्या गल्लीत आणखी एक घर असतं, आणि त्यानंतरच्या गल्लीत आणखी एक. खेड्यात पुढची गल्ली कोणाची, हे जन्माआधी ठरलेलं असतं.

मग लोक म्हणतात, सगळं मान्य, पण शहर पाहायला वेळ आणि पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण इथून पुढे काहीतरी करता येतं. शेतकऱ्याने नवीन वावर घेतलं की तो पेरायच्या आधी काय करतो? धुऱ्यावरून चालतो, ढेकूळ हातात घेऊन फोडतो, पावसाचं पाणी कुठे साचतं ते पाहतो, शेजारच्या वावरवाल्याशी बोलतो. शहराचंही तेवढंच आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. मी पुण्यात आले तेव्हा रविवारी कुठल्याही बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि जमेल तेवढं चालत परत यायचे. जंगली महाराज रस्त्यावर, हॉटेलांच्या आणि दुकानांच्या मधोमध, आठव्या शतकातलं पाताळेश्वराचं लेणं आहे, एकाच खडकात कोरलेलं. आत गेलं की रस्त्याचा आवाज थांबतो. वेताळ टेकडीवर पहाटे गेलं की पुण्याचं पाणी कुठून येतं आणि शहर कुठवर पसरलंय ते एका नजरेत कळतं. फुले मंडईत भाजी घेताना भाव करायला लागलं की पुणेकर बोलू लागतो. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सव असतो, 1953 पासून भीमसेन जोशींनी गुरूच्या नावाने चालवलेला. तिकीट परवडलं नाही तरी मंडपाबाहेर थंडीत उभं राहून ऐकणारे असायचे, मीही त्यांच्यात होते. कुणी तुमची बोली विचारत नाही तिथं.

मुंबईत तर याहून सोपं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. त्यांच्या पायऱ्यांवर कोरलेली पाण्याची टाकी पाहा, दोन हजार वर्षांपूर्वी माणसं पाऊस कसा साठवत होती ते कळेल, आणि आपल्या खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ते जास्तच कळेल. राणीच्या बागेशेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्यात जुन्या मुंबईचे आणि तिथल्या माणसांचे मातीचे छोटे नमुने मांडलेले आहेत. दादरला 1898 पासूनचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. आणि हे काहीच नको असेल तर बेस्टच्या बसमध्ये खिडकीशी बसा. आधी वाटेल की सगळं सारखंच आहे. चौथ्या-पाचव्या खेपेला तुम्हाला कळू लागेल की माझगाव आणि माहीम वेगळे का वाटतात, भेंडी बाजारात दुपारी कसला वास येतो, गिरगावात गॅलऱ्यांना अजून लाकडी कठडे का आहेत. ओळख अशी होते. ओळखीशिवाय प्रेम होत नाही, आणि आपण ओळखच करून न घेता म्हणतो की शहर रुक्ष आहे.

आमच्या मुलांना एक उदाहरण मी नेहमी देते, कोकणातल्या चाकरमान्याचं. गिरणगावात तो शंभर वर्षांपूर्वी आला, एका खोलीत पंधरा-वीसजणांबरोबर राहिला, पण त्याने मुंबई स्वतःची करून टाकली. चाळीत भजनी मंडळं काढली, जाखडी नाचला, पतपेढ्या काढल्या, नाटकं बसवली, संपात उतरला. आणि गणपतीत गाव सुटलं नाही ते नाहीच. साताऱ्या-सांगलीकडून आलेल्यांनी तालमी आणि खानावळी काढल्या. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे लहानपणी बापाबरोबर चालत मुंबईला आले, आणि त्या शहराच्या अन्यायावर जेवढं कडक लिहिलं तेवढंच त्यातल्या माणसांवर जीव टाकून लिहिलं. या कोणालाच दोन ठिकाणांवर प्रेम करताना अडचण आली नाही. वऱ्हाडी माणसाच्याच छातीत दोन गावं मावत नाहीत, असं कोण म्हणतं? पुण्यात आज तर्री-पोह्यांच्या गाड्या लागतात, हातगाडीवर शेगाव कचोरी मिळते, चार घरं मिळून डिसेंबरात रोडगे-वांग्याची भाजी करतात. ही सुरुवात झाली आहे. फक्त ते रोडगे आपल्याच चौघांत खाऊ नयेत, शेजारच्या मल्याळी आणि कोल्हापुरी घरांनाही बोलवावं, एवढंच मला वाटतं.

अंतराचं म्हणाल तर तेही उरलेलं नाही. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये नागपूरपासून थेट मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत पुरा झाला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईला विमान सुरू झालं. आईचा चेहरा पाहायला दिवाळीची वाट पाहण्याचे दिवस गेले. त्यामुळे मन तिकडे ठेवलं तरच नातं टिकेल, ही भीतीही आता जुनी झाली.

शेवटचा आक्षेप सगळ्यात मनाला लागणारा आहे. मुलांनी शहरातच जीव लावला तर परत कोण येणार? आमची वावरं कोण पाहणार, आमच्या अमरावतीचं काय होणार? याचं उत्तर पापळच्या पंजाबराव देशमुखांच्या आयुष्यात आहे. ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकले, तिथून एडिंबरोला गेले, बॅरिस्टर झाले, ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट घेऊन 1926 मध्ये परत आले. ज्या शहरांत गेले तिथं त्यांनी मन राखून दिवस काढले असते तर तिथलं एवढं शिकून आले असते का? आले आणि वर्षभरात अंबादेवीच्या दारात अस्पृश्यांच्या हक्कासाठी उभे राहिले. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, जिच्यात माझ्या वडिलांसारखे खेड्यातले हजारो मुलगे-मुली शिकले. केंद्रात कृषिमंत्री झाल्यावर 1959 मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवून त्यांनी अख्खं जग शेतकऱ्यांसमोर आणून ठेवलं. अमरावतीच्याच हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मुलं 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकला गेली आणि तिथं त्यांनी हुतूतू खेळून दाखवला. ती घाबरत, जीव आवरून गेली नव्हती.

परत येणारे येतील, काही येणार नाहीत, आणि न येणाऱ्यांवर आपला काही हक्क नाही. पण जे येतील ते रिकाम्या हाताने येणार नाहीत. मुंबईत रात्री अकराच्या बसने घरी गेलेली मुलगी विचारेल की अकोल्यात स्टेशनवरून जठारपेठेत जायला दहा वाजता बस का मिळत नाही. दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बसलेला मुलगा विचारेल की आपल्या तालुक्याच्या वाचनालयात वर्तमानपत्रापलीकडे काय आहे. वेताळ टेकडी वाचवायला पुणेकर रस्त्यावर उतरलेले ज्याने पाहिले, तो वडाळी तलावाच्या काठी कचरा टाकणाऱ्याला अडवेल. आणि आडनाव विचारून खोली देणारे जठारपेठेतही आहेत, त्यांच्याही दारात कोणीतरी उभं राहून बोलेल. त्या बोलण्याने आपल्याला राग येईल. आपल्याच पोरांचं ते म्हणणं आपल्याला ऐकून घ्यावं लागेल, आणि बरंचसं मान्यही करावं लागेल.